शेवाळ चरणारे सागरी साळिंदर : मदत किती, भरवसा किती?



द्राक्षाच्या बागेवर, डाळिंबावर किंवा भाजीपाल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण समुद्रशेवाळाचा अर्क फवारतात. बाटली दुकानातून आणायची, मापाने पाण्यात टाकायची आणि पंप पाठीवर घ्यायचा. ते शेवाळ कुठे पिकते, कसे पिकते, याचा विचार घाटावर बसून कोण करतो? पण किनाऱ्यावरच्या आपल्या भाऊबंदांना तो करावा लागणार आहे. समुद्रशेवाळाची शेती हा जोडधंदा म्हणून पुढे येत आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही तिला जागा दिलेली आहे.

याच बाबतीत किनाऱ्याकडच्या एका श्रोत्याने कार्यक्रमाला पत्र लिहिले आहे. ते विचारतात, "आमच्या मेहुण्यांनी बाहेरून शेवाळाचे बेणे आणून तराफे टाकायचे ठरवले आहे. गावातले मच्छीमार म्हणतात, हे परके शेवाळ पसरले तर खडक आणि मासळी दोन्ही जातील. मेहुणे म्हणतात, पसरले तर पसरले, ते खाणारे काटेरी जनावर समुद्रात असते, परदेशात तेच सोडून शेवाळ साफ केले. तर खरे काय?"

प्रश्न मोलाचा आहे. मेहुण्यांनी जे ऐकले ते खोटे नाही. पण अर्धे आहे, आणि अर्ध्या माहितीवर पेरणी करू नये हे आपण जाणतोच. म्हणून ती सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो.

पीक म्हणून आणले, तण होऊन बसले

ही हकीकत प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांची. अमेरिकेचे हे राज्य. त्यातल्या ओआहू नावाच्या बेटाला कानेओहे नावाचे मोठे, शांत आखात आहे. आत उथळ पाण्यात प्रवाळाचे, म्हणजे पोवळ्याचे खडक पसरलेले आहेत.

१९७४ साली हवाई विद्यापीठातले प्राध्यापक मॅक्सवेल डोटी यांनी या आखातात लाल जातीचे समुद्रशेवाळ लावून पाहिले. त्याचे नाव कॅपाफायकस. त्याच्यासारखीच दुसरी जात युकेमा. या शेवाळापासून कॅराजिनान नावाचा डिंकासारखा पदार्थ निघतो. आइस्क्रीम घट्ट व्हावे, टूथपेस्ट फुटू नये म्हणून तो घालतात. फिलिपिन्समध्ये याची शेती उभी राहिली तीही याच डोटीसाहेबांच्या खटपटीतून, आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या हजारो कुटुंबांची चूल आज या शेवाळावर पेटते. तेव्हा माणूस वाईट हेतूचा नव्हता आणि पीकही वाईट नव्हते, हे आधी लक्षात घ्या.

हे शेवाळ खोल पाणी ओलांडून दुसऱ्या खडकावर जाणार नाही, असा तेव्हाचा अंदाज होता. सुरुवातीच्या पाहणीत तसेच दिसलेही. पुढे प्रयोग थांबला, शेवाळ मात्र थांबले नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते मूळ जागेपासून सुमारे ६ किलोमीटरवर पोहोचलेले आढळले. वर्षाला सरासरी २५० मीटर एवढी त्याची चाल पडली. २५० मीटर म्हणजे काही फार नव्हे, बांधावरून चालत पाच मिनिटांत जाता येईल. पण पंचवीस वर्षे दरसाल ते पाऊल पुढेच पडत गेले, आणि कुणाच्या डोळ्यांवर आले तेव्हा उशीर झाला होता.

ते पसरते कसे? आपल्या शेतातली हरळी आठवा. कुळवाने तोडली की एकीच्या दहा होतात, प्रत्येक कांडी नव्याने फुटते. कॅपाफायकसची तऱ्हा तशीच. त्याला बी धरायची गरज पडत नाही. लाटेने एक तुकडा मोडला, वाहत गेला, खडकाच्या फटीत अडकला, की तिथे नवा गड्डा. शेती करतानासुद्धा आपण तेच करतो, उसासारखे बेण्याचे तुकडे दोराला बांधतो. ज्या गुणामुळे लागवड सोपी होते, त्याच गुणामुळे ते हाताबाहेर जाते.

प्रवाळ हा दगड दिसला तरी जिवंत असतो, त्याला ऊन लागते. वरून शेवाळाची जाड गादी पडली की तो अंधारात गुदमरून मरतो. प्रवाळ मेला की त्याच्या फटीत राहणारी, वाढणारी मासळी उठून जाते. गावातले मच्छीमार ज्याची भीती घालतात ते हेच.

आणि हे फक्त हवाईतच झाले असे समजू नका. आपल्याच देशात, तामिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई नावाचे बेट आहे. तिथल्या फांद्यांच्या प्रवाळावर हेच शेतीतले कॅपाफायकस चढल्याचे मदुराईच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. त्याच किनाऱ्यावर या शेवाळाच्या शेतीने अनेक बायाबापड्यांना रोजगारही दिला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

साळिंदराची ओळख

आता येऊ त्या काटेरी जनावराकडे. इंग्रजीत त्याला सी-अर्चिन म्हणतात. आपण सागरी साळिंदर म्हणू. गोल चेंडूसारखे अंग, वर काटे. तोंड खालच्या बाजूला, खडकाला टेकलेले, आणि त्यात पाच दात. या दातांनी ते खडक खरवडत चरते. वरची पाने तर खातेच, पण बुडखाही कुरतडते, ही त्याची खरी कामाची गोष्ट. खुरप्याने तण काढताना बुडखा राहिला तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

साळिंदरांच्या जाती पुष्कळ आहेत. हवाईत वापरले त्या जातीचे शास्त्रीय नाव ट्रिप्न्युस्टिस ग्रॅटिला. ते मूळचे तिथलेच. हिंदी महासागरातही ते असते. काटे आखूड असतात. शिंपल्याचे तुकडे, शेवाळाच्या काड्या गोळा करून ते अंगावर पांघरून घेते, म्हणून तिकडे त्याला 'गोळा करणारे साळिंदर' असेही नाव पडले आहे. पूर्ण वाढले की ओंजळीत मावणार नाही एवढे होते. चाल मंद. जिथे सोडाल तिथेच आसपास चरत राहते. गुराख्याच्या दृष्टीने गुणाचे जनावर!

आता मुख्य प्रश्न. देशी शेवाळ आणि परके शेवाळ यांत ते निवड करते का?

कानेओहे आखातात परक्या शेवाळाच्या चार जातींनी त्रास दिला आहे. कॅपाफायकस आणि युकेमा या दोन वर आल्याच आहेत. बाकीच्या दोन ग्रासिलेरिया आणि अ‍ॅकँथोफोरा. या चारही जाती तिथल्या शास्त्रज्ञांनी टाकीत साळिंदरांपुढे ठेवल्या आणि खाल्लेले वजन मोजले. दोन सेंटिमीटरच्या आसपासच्या लहान साळिंदराने ग्रासिलेरिया दिवसाला सुमारे ६ ग्रॅम खाल्ले, युकेमा मात्र सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच. मध्यम वयाच्या साळिंदरांनीही ग्रासिलेरियालाच पहिली पसंती दिली. पण साडेचार सेंटिमीटरच्या वर गेलेल्या मोठ्या साळिंदरांनी काहीच निवडले नाही. चारही जाती सारख्याच, रोज १२ ते १५ ग्रॅम.

याचा अर्थ असा की लहानपणी साळिंदर खोड्या काढत खाते, मोठेपणी पुढे येईल ते. आपल्या शेततळ्यातला गवत्या मासा आठवा. बोटभर असताना तो कोवळे मऊ तेवढे टिपतो, मोठा झाला की बांधावरचे गवत टाकले तरी ओढून नेतो. आणि गवत्याला जसे हे तण कुठल्या देशाचे ते कळत नाही, तसेच साळिंदरालाही कळत नाही. तोंडाला मऊ काय लागते, जवळ काय आहे, पोट केवढे आहे, एवढेच त्याला कळते. देशी शेवाळ पुढे आले तर तेही जाते. ते 'परके शेवाळ' खात नाही, 'शेवाळ' खाते. मेहुण्यांना पहिली गोष्ट हीच सांगावी.

सहा एकरांची खुरपणी

मग हवाईत यश आले ते कसे? एकट्या साळिंदराने आले नाही.

आधी लोकांनी हाताने शेवाळ उपटून पाहिले. उरलेल्या तुकड्यांतून ते पुन्हा फुटून आले. नुसती साळिंदरे सोडावीत तर शेवाळाचा ढीग एवढा, की चरणारे पुरे पडत नाहीत. म्हणून दोन्ही कामे एकापाठोपाठ एक केली. तराफ्यासारख्या बोटीवर मोठा पंप बसवला, त्याची नळी खाली सोडली. पाणबुडे खडकावरचे शेवाळ हाताने सोडवून नळीच्या तोंडाशी धरत, पंप ते वर ओढून घेई. वर माणसे बसून त्यातले मासे, खेकडे वेचून परत पाण्यात सोडत. निघालेले शेवाळ तिथल्या शेतकऱ्यांना खतासाठी दिले. त्यांनी ते अळूच्या वाफ्यांना घातले. हवाईत अळूचे कंद हे मोठे अन्न आहे, आपल्याकडे भात तसे.

शेवाळ असे कमी झाल्यावर मगच साळिंदरे सोडली. तीही समुद्रातून धरून आणलेली नव्हेत. सरकारी मत्स्यकेंद्रात नर-मादी ठेवून पिल्ले तयार केली. जन्मल्यावर काही आठवडे ती पाण्यात तरंगतात, सूक्ष्म शेवाळावर जगतात, मग तळाला बसतात आणि त्यांना साळिंदराचे रूप येते. पुढे काही महिने वाढवून, रुपयाच्या नाण्याच्या आसपास आकार झाला की पाणबुड्यांनी नेऊन हाताने खडकावर ठेवली. रोपवाटिका आणि पुनर्लागण म्हणा ना.

पहिला मोठा प्रयोग २०११ पासून दोनेक वर्षे चालला. सुमारे २४ हजार चौरस मीटर खडकावरून, म्हणजे साधारण सहा एकरांवरून, सुमारे १९ टन शेवाळ काढले आणि तिथे जवळजवळ ९९ हजार साळिंदरे सोडली. गुंठ्याला चारशेच्या वर झाली. परक्या शेवाळाचे आच्छादन ८५ टक्क्यांनी घटले. काम चांगले झाले यात शंका नाही, आणि त्यानंतरही तिथे साळिंदरे वाढवून सोडण्याचे काम चालू राहिले.

पण हिशेब तुम्हीच करा. सहा एकरांसाठी दोन वर्षे, पाणबुडे, पंपाची बोट, अंडी उबवण्याचे केंद्र आणि लाखाच्या घरात पिल्ले. आपल्याकडे एखाद्याने सहा एकर हरळी काढायला एवढा खर्च केला तर घरचे लोक त्याला वेड्यात काढतील. शिवाय सोडलेली सगळी जगतात असे नाही. दुसऱ्या एका चाचणीत उघड्या पिंजऱ्यातली पिल्ले महिनाभरानंतर मोजली, तेव्हा खडकाच्या उतारावर शंभरातली वीसच उरली होती. सपाट खडकावर त्यापेक्षा पुष्कळ जास्त जगली. रोपे लावताना जागा पाहावी लागते, तीच गोष्ट इथे.

चरणारे जास्त झाले तर

दुसरी बाजूही पाहा. साळिंदरे कमी असली तर शेवाळ माजते, पण साळिंदरे माजली तर खडक उघडा पडतो. अमेरिकेच्याच उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केल्प नावाच्या उंच समुद्रशेवाळाची जंगले होती, तिथली स्वतःची, देशी. २०१३ च्या सुमारास तिथल्या तारामाशांवर रोग पडला. साळिंदरे खाणारा मोठा तारामासा जवळजवळ नाहीसा झाला. त्यातच २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी तापले आणि केल्प आधीच अशक्त झाले. जांभळी साळिंदरे बेसुमार वाढली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल गेले. गंमत अशी की खायला काही उरले नाही तरी ही साळिंदरे मरत नाहीत, उपाशी पोटी वर्षानुवर्षे तशीच बसून राहतात आणि नवा कोंब फुटला की कुरतडतात. गावच्या गायरानात शेळ्या जास्त झाल्या म्हणजे काय होते, त्याचेच हे समुद्रातले रूप.

हवाईतल्या लोकांनी एक शहाणपण केले ते मला फार आवडले. त्यांनी बाहेरचे जनावर आणले नाही, आपल्याच आखातातले वाढवले. याला कारणही आहे, त्यांचे हात पूर्वी पोळले होते. १८८३ साली तिथल्या उसाच्या मळेवाल्यांनी उंदीर मारायला मुंगूस आणला. तो मुंगूस मूळचा आपला, कोलकात्याहून जमैकाला गेलेला आणि जमैकाहून हवाईला. उंदीर रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडावी तरी कशी? मुंगसाने उंदीर सोडून जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली, आणि तो आजही तिथे आहे. म्हणून कुणी "अमुक देशातून अमुक जनावर आणून सोडा, सगळे साफ करील" असे सांगू लागला तर आधी त्याला मुंगसाची गोष्ट सांगा.

कीटक आणून तण हटवल्याची चांगली उदाहरणेही आपल्याकडे आहेत बरं का. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडला, तो आता आपल्या बांधावर पावसाळ्यात दिसतो. पण तो सोडण्याआधी आपली पिके खातो की नाही हे शास्त्रज्ञांनी तपासले होते. तो मुख्यतः एकाच तणावर जगतो. साळिंदराचे तसे नाही, हे वर आलेच आहे.

पत्राचे उत्तर

तर पत्र लिहिणाऱ्या बंधूंना आमचे सांगणे असे. मेहुण्यांनी तराफे टाकू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण "पसरले तर साळिंदर खाईल" या भरवशावर टाकू नयेत. पसरू न देणे हे आपल्या हातात आहे, आणि ते स्वस्तही आहे.

बेणे कुठल्या जातीचे, कुठून आले, हे विचारूनच घ्यावे. नाव सांगता येत नसेल त्याच्याकडून घेऊ नये. ग्रासिलेरियाच्या काही जाती आपल्या किनाऱ्यावर मूळच्याच आहेत. आपल्या पाण्यातली जात चालत असेल तर तिचा विचार आधी करावा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवानगीशिवाय बाहेरचे बेणे पाण्यात घालू नये. समुद्र हा कुणाच्या सातबारावरचा नसतो, शेजाऱ्याच्या रानातही तुमचे तण जाणार आहे.

जागा निवडताना जवळ प्रवाळखडक आहे का हे गावच्या जुन्या मच्छीमाराला विचारावे. त्याला सरकारी नकाशापेक्षा जास्त माहीत असते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे. अशा ठिकाणाच्या जवळपास परके शेवाळ नेऊच नये.

दोर तपासताना, कापणी करताना तुकडे मोडतातच. ते पाण्यात सोडून देऊ नका. तराफ्याखाली जाळे धरले तर बरेच तुकडे हाती लागतात. वादळाआधी, पावसाळ्याआधी कापणी उरकून तराफे बाहेर काढावेत. किनाऱ्याला लागलेले तुकडे पोरांना वेचायला लावा आणि ते पुन्हा पाण्यात न फेकता वर, भरतीच्या रेषेच्या पलीकडे वाळवा. पावसाच्या पाण्याने दोनदा धुऊन मीठ घालवले की खताच्या खड्ड्यात शेणाबरोबर चालतात. न धुता रोपांच्या बुडाशी घालू नका, खाराने रोप जळेल.

आता एक गंमत. तुमच्या लागवडीत एखाद दिवशी साळिंदरेच शिरतील. फिलिपिन्समध्ये आणि आफ्रिकेतल्या झांझिबारमध्ये शेवाळ पिकवणारे लोक साळिंदराला कीड मानतात, कारण ते त्यांचे पीक खाते. शेवाळ खाणारे मासेही येतात. साळिंदर तळावरून चालत येते, म्हणून दोर तळाला टेकू न देता तरंगते ठेवले तर त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. चढलेले दिसले तर हातात जाड कापड घेऊन उचला आणि दूर खडकावर नेऊन ठेवा. ठेचून मारू नका. तुमच्या दोरावरून निसटलेले तुकडे खडकावर कुणी चरत असेल तर तेच, आणि तिथे ते फुकट राखण करते.

लागवड सुरू केल्यावर महिन्यातून एकदा ओहोटीच्या वेळी आसपासच्या खडकांवरून एक फेरी मारावी. आपल्या जातीचा एखादा गड्डा खडकाला धरलेला दिसला तर त्याच दिवशी बुडख्यासकट खरवडून पिशवीत घालून वर आणावा. ओंजळभर असताना हे काम एका माणसाचे असते. काय दिसले, कुठे दिसले हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि गड्डे वाढत आहेत असे वाटले तर ती वही घेऊनच मत्स्यव्यवसाय खात्याच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कचेरीत जावे.